पू दिसला म्हणजे जंतुसंसर्गच असे नाही

महोदय,
पावसाळ्यातील त्वचाविकारांवरील आपल्या लेखात पुवाळलेल्या प्रत्येक पुटकुळीवर प्रतिजैविक मलम सुचवले आहे. त्याला माझा आक्षेप आहे. पू म्हणजे पांढऱ्या पेशींचा साठा. तो जंतूंशिवायही होतो.

सहा महिन्यांच्या बाळाच्या तळहात-तळपायांवर पुटकुळ्या असतील आणि रात्री खाज वाढत असेल, तर आधी खरूज शोधावी. आईच्या बोटांच्या बेचक्या, मनगटे आणि बेंबीभोवतालची कातडी पाहिली की निदान बहुधा तिथेच होते. मग एकट्या बाळाला मलम लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पावलांपर्यंत ५ टक्के परमेथ्रिन हे खरजेचे मलम लावायचे, बाळाच्या डोक्यालाही, आणि आठवड्याने पुन्हा. कुणी एक सुटला की खाज घरात परत येते. नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली असेल, तर मात्र तो बहुधा जंतुसंसर्गच. तिथे लेख बरोबर आहे.

मोठ्यांना वारंवार गळवे होत असतील तर रक्तातील साखर तपासावी. नवे औषध सुरू केल्यावर किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवल्यावर ताप येऊन लाल कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो फोड उठले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या इंदुरात चिठ्ठीविना मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे खरूज आणि नायटा दोन्हींचे रूप बदलून टाकतात. लेखाच्या पुढच्या भागात हे अवश्य छापावे.

— एक त्वचारोगतज्ज्ञ, रामबाग, इंदूर