दशावतारी मंडळांवर आधी कात्री का?

महोदय,

मंदीची चाहूल लागली की कलेवरचा खर्च आधी छाटावासा वाटतो. ‘आधी रस्ते, मग नाटके’ हे ऐकायला बरेही वाटते. पण सिंधुदुर्गात दशावतार हे लोकनाट्य पोटापाण्याचा धंदाही आहे. राजा, राक्षस, स्त्रीपार्टी (बायकांच्या भूमिका करणारे नट) यांच्यामागे हार्मोनियम, पखवाज, झांजवाला, टेम्पोचा चालक आणि जत्रेत रात्रभर जागणारा खाजेवाला असतो. मुंबईत चाकरमान्याची नोकरी डळमळली की गावचे नाटक रद्द होते आणि ही सगळी माणसे एकदम घरी बसतात. नेमके तेव्हाच सरकारनेही हात आखडता घ्यायचा?

महामंदीत, १९३५ साली, अमेरिकी सरकारने बेकार नटांना आणि चित्रकारांना रोजगार योजनेतून पगार दिले होते. आपल्याकडे पिंगुळी गावच्या चित्रकथीसाठी (चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेसाठी) परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आनंदच आहे. पण ती कला शिकणाऱ्या पोरांच्या विद्यावेतनाचे काय? (चौकांच्या सुशोभीकरणाला मंदी कधी लागलेली पाहिली नाही.)

मंडळांचे अनुदान कापू नये, आणि ते कार्तिकातल्या जत्रांआधी द्यावे. मार्चअखेरीस आलेल्या पैशांतून हंगामाचे कपडेपट शिवता येत नाहीत.

– एक नाट्यरसिक, कुडाळ