जाड मुलीला राणीची भूमिका का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी सातवीत आहे. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ. यंदाच्या स्नेहसंमेलनातल्या नाटिकेत तिला मिळाला तो खादाड, विसरभोळा नोकर. तो बसला की खुर्ची मोडायची, मागे ढोल वाजायचा आणि सभागृह हसायचं. ही भूमिका तिलाच का दिली, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आई, राणीचे संवादपण मला पाठ होते."

आमच्या लहानपणी वर्गातल्या अशा मुलीला 'टुणटुण' म्हणत. मीही म्हटलं आहे आणि त्याची मला आज लाज वाटते. हे नाव मिळालेल्या बाई म्हणजे उमादेवी खत्री. 'दर्द' (१९४७) चित्रपटातलं, नौशाद यांनी संगीत दिलेलं 'अफसाना लिख रही हूँ' त्यांनीच गायलेलं. ते आजही ऐकावं असं आहे. १९५० च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर आल्या आणि टुणटुण झाल्या. विनोदाची जाण त्यांना उत्तम होती, पण लिहिणाऱ्यांना बहुतेक वेळा त्यांचा देहच तेवढा दिसला. अशी गुणी गायिका महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत चिडवण्याचा शब्द होऊन राहिली!

जाड म्हणजे मठ्ठ, हे आपण कुठून आणलं? आरतीत आपण ज्याला लंबोदर म्हणतो, त्याच्याकडेच बुद्धी मागतो. व्यासांचं महाभारत लिहून घ्यायला तोच बसला, तेही प्रत्येक श्लोकाचा अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही अट पाळून. गोष्टींतल्या आणि मालिकांतल्या जाड मुलाला मात्र डबा खाण्यापलीकडे काही सुचत नाही.

वेगळं लिहिता येतं. 'दम लगा के हईशा' (२०१५) या हिंदी चित्रपटातली संध्या जाड आहे आणि बी.एड. झालेली आहे. दहावी न सुटलेला आहे तो तिचा नवरा. तिला स्वतःची किंमत ठाऊक आहे, म्हणून ती लक्षात राहते.

नाटिका बसवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वर्षी आधी सगळ्या मुलांकडून सगळे संवाद वाचून घ्या, भूमिका त्यानंतर वाटा. आणि ती मोडणारी खुर्ची संहितेतून काढून टाका.

आपली नम्र,
एक पालक, सातारा