पुळणीवर खेळायचं कुणी?

संपादक महोदय,

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावाला एका बाजूने समुद्र आणि दोन बाजूंनी खाडी. कागदोपत्री बेट नाही, पण उधाणाचं पाणी रस्त्यावर आलं की बेटच. सपाट जागा म्हणाल तर भातखाचरं, नाहीतर पुळण. त्यामुळे मुलांचं क्रिकेट तिथीवर चालतं. हिशेब पोराटोरांनाही पाठ आहे : तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीची वेळ मिळते. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला, शुद्ध असो की वद्य, संध्याकाळी खेळ बंद. पौर्णिमा-अमावस्येला मात्र त्या वेळी ओहोटी असते आणि वाळू दूरवर उघडी पडते, ओली, घट्ट. टेनिस बॉल उसळतो तो तिथेच. वरच्या भुसभुशीत वाळूत टप्पा पडला की चेंडू जागीच बसतो.

गाडीवाल्यांनाही नेमकी तीच घट्ट वाळू लागते! गेल्या पौर्णिमेला शनिवार होता. डाव रंगात आला असताना चार गाड्या खेळपट्टीवरून गेल्या. त्यातली एक रुतली. भरती लागायच्या आत ती दोर लावून ओढून काढली कुणी, तर ज्यांचा डाव मोडला त्याच मुलांनी. ‘वाहने नेऊ नयेत’ असा फलक तिथे आहे. त्याच्या सावलीत एक गाडी उभी होती.

मुलींचं तर याहून अवघड. शनिवार-रविवारच्या गर्दीत त्या पुळणीवर कबड्डी खेळणार कशा? त्यांच्या मैदानाला १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद एवढीच जागा लागते. सुरूच्या बनामागे तेवढी मोकळी जमीन आहे. ती मागायला गेलो तर एका कार्यालयात उत्तर मिळालं, ‘सीआरझेडमध्ये बसत नाही.’ सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगत काय करता येतं आणि काय नाही, याचे केंद्र सरकारचे नियम. मी निवृत्त शिक्षक, वाचायची खोड जात नाही. २०११ ची अधिसूचना काढून पाहिली, २०१९ चीही पाहिली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेलगतच्या ना-विकास पट्ट्यातही बागा आणि खेळाची मैदानं चालतात, असं दोन्हींत लिहिलं आहे. आम्ही प्रेक्षागृह मागत नाही. तांबडी माती पसरून पाणी मारून रोलर फिरवला की झालं, आणि ते गावकरी अंगमेहनतीने करतील. कार्यालयाने नकाराचं कलम तरी लेखी दाखवावं.

पर्यटकांवर राग नाही, आमची निम्मी घरं त्यांच्यावर चालतात. गाड्या सुरूच्या बनाअलीकडे लावून त्यांनी खुशाल चालत यावं. पुळणीवर उतरायची वाट एकच आहे, तिथे एक ओंडका आडवा टाकला तरी पुरे. येत्या अमावस्येला पाचच्या सुमारास ओहोटी आहे, आणि मोडलेला डाव त्या दिवशी पुन्हा खेळायचं मुलांनी ठरवलं आहे.

– एक वाचक, अलिबाग तालुका