रविवारची बैठक : विजयाबाईंचं दिग्दर्शन

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता गंगापूर रोडच्या आपल्या तालमीच्या खोलीत जमायचं आहे. विषय : विजया मेहतांची दिग्दर्शनाची वाटचाल. १९६० ची 'रंगायन' ही नाट्यसंस्था, मग जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून खानोलकरांनी केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि १९८५ चं एलकुंचवारांचं नाटक 'वाडा चिरेबंदी'. खरा वेळ 'वाड्या'लाच द्यायचा आहे.

• पहिला प्रवेश वाचून, बाईंनी कुठे थांबायला लावलं असतं त्या जागी पेन्सिलीने खूण करून या.
• संहिता स्वतःची आणा, मोबाइलवर नको. मागच्या वेळी एका झेरॉक्सवर सात डोकी वाकली आणि शेवटचं पान चहात भिजलं.
• शालिमारकडून येणाऱ्यांनी जरा लवकर निघा, रविवारी तिथे मुंगी शिरत नाही.

येणार नसाल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा. सतरंज्या नेहमीप्रमाणे नव्या सभासदांनी घालायच्या.