खुर्द्याची गणती

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधील पहिल्या महायुद्धाच्या रणभूमी पाहण्यासाठी तू चार दिवस राखून ठेवले आहेस, हे वाचून समाधान वाटले. ऐन तिशीत मी पानिपतावर गेलो होतो, तेव्हा ‘काला अंब’ येथील विटांचा स्तंभ पाहिला, १४ जानेवारी १७६१ ही पाठ असलेली तारीख पुन्हा एकदा म्हटली, एक छायाचित्र काढले आणि ‘इथे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणत दहा मिनिटांत गाडीत येऊन बसलो. किल्ल्याला बुरूज असतो, देवळाला कळस असतो. रणभूमी म्हणजे बहुतेक वेळा नुसते शेत, हे मला तेव्हा उमगले नव्हते. त्या पराभवाची वार्ता ज्या सांकेतिक शब्दांत दक्षिणेत पोहोचली, त्यांत मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, असे म्हटले होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे आपण लहानपणापासून घोकतो. खुर्दा कोण होता, हे मी तिथे उभा असतानाही स्वतःला विचारले नाही.

म्हणून उत्तर फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात गेलीस की वाहनातून उतर आणि चाल. १ जुलै १९१६ या एका दिवसात तिथे ब्रिटिश सैन्याचे १९,२४० सैनिक ठार झाले; जखमी व बेपत्ता धरले तर आकडा ५७,४७० वर जातो. हे कसे घडले ते नकाशावर कळत नाही, पण खालून वर चालताना तो सौम्य वाटणारा चढ किती उघडा आहे आणि वर बसलेल्या मशीनगनला काय काय दिसत असेल, हे कळते. जमिनीचा उंचसखलपणा हाच तिथला खरा दस्तऐवज आहे. बेल्जियममधील वॉटर्लूला, जिथे नेपोलियनचा पराभव झाला, विजयाचा सिंह उंचावर बसवण्यासाठी रणांगणाचीच माती खणून टेकडी रचली आणि ज्या उंचवट्याच्या आधाराने लढाई झाली तोच बराचसा नाहीसा केला. स्मारकाची हौस अशीही असते. शेताच्या कडेला गंजलेला तोफगोळा दिसला, तर त्याला हात लावू नकोस. नांगरटीत ते आजही वर येतात आणि त्यांतील काही अजून जिवंत असतात.

बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली मृत सैनिकांच्या स्मरणार्थ रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो. तिथे गर्दी असेल. मात्र उत्तर फ्रान्समधील न्यव्ह शापेल या गावाला निवांत वेळ दे. मार्च १९१५ मधील तिथल्या हल्ल्यात निम्मे सैन्य भारतीय तुकड्यांचे होते. ज्यांना कबर नाही की चिताभूमीची खूण नाही, अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे त्या वर्तुळाकार स्मारकावर कोरलेली आहेत. नावे पलटणीनुसार आणि हुद्द्यानुसार लावलेली असतात, त्यामुळे सुभेदार, जमादार वर आणि शिपाई खाली येतात. तू खालून वाचायला लाग. रोमन लिपीत ती नावे परकी दिसतील. ओठांवर आणून आपल्या उच्चाराने म्हण, म्हणजे त्यांतला माणूस ओळखीचा वाटेल.

नाव कोरले जाणे हेही साऱ्यांच्या वाट्याला आले नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले, त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली, पण ३०,००० हून अधिक भारतीय शिपाई पलटणीपुढच्या नुसत्या आकड्यात नोंदवले गेले. अधिकारी असो वा शिपाई, सर्वांची स्मृती सारखीच राखायची, असे तत्त्व सांगणाऱ्या, युद्धातील मृतांची स्मारके राखणाऱ्या ब्रिटिश आयोगाने हे केले आणि त्याबद्दल क्षमा मागितली ती २०२१ साली. पानिपतावर मोजदाद झाली नाही. बसऱ्यात मोजदाद झाली, पण नाव गाळले गेले. यांतले अधिक वाईट कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तिथून छायाचित्रे पाठवलीस तर पाहीन, पण माझे एक काम कर. न्यव्ह शापेलच्या भिंतीवरील एका शिपायाचे नाव, त्याच्या पलटणीसह, देवनागरीत उतरवून मला पाठव. घरी पानिपतावर काढलेले ते छायाचित्र अजून आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे.

तुझा,
बाबा