पेशंटला कळल्याशिवाय दारू सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ ही ओळ मी वीसेक वर्षं वाचतो आहे. माझ्या आईनेही ती वाचली होती. तिने मागवलेली पावडर सहा महिने माझ्या आमटीत पडत होती. मी दोन्ही पीत राहिलो, आमटीही आणि दारूही.

पुढे सुटली ती मला पुरती कळून, नऊ वर्षांपूर्वी, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ए.ए. या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगांमधून. ‘मीटिंगला जा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कुठल्या मीटिंगला, हे मात्र कोणी सांगत नाही. पहिल्या मीटिंगला जीव रमला नाही की ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणत माणूस परस्पर बारमध्ये जातो. मीही गेलो होतो.

माझी पहिली मीटिंग फोर्टात, ऑफिसजवळ, इंग्रजीतली. माणसं भली होती. पण मी प्यायलो मराठीत, शिव्या मराठीत दिल्या, बायकोच्या बांगड्या मराठीत गहाण टाकल्या. ते इंग्रजीत सांगताना रजेचा अर्ज वाचून दाखवल्यासारखं वाटायचं. दुसरी शोधली ती घरापासून चार स्टेशनं लांब, कोणी ओळखू नये म्हणून. (रस्त्यात पडलेलो असताना अख्ख्या आळीने पाहिलं होतं, तेव्हा ही लाज कुठे होती कोण जाणे.) येण्याजाण्यातच दोन तास जायचे. पावसाळा लागला आणि ती सुटली.

तिसरी आमच्याच भागात, एका शाळेच्या वर्गात. बाक लहान मुलांचे, त्यामुळे गुडघे मावत नव्हते. फळ्यावर सातचा पाढा अर्धवट पुसलेला. समोरचा गृहस्थ उठला, ‘मी अमुक, मी बेवडा’ म्हणाला आणि बोलू लागला. काय बोलला ते लिहिणार नाही, तिथलं तिथेच राहतं. एवढंच सांगतो, की क्वार्टर लपवायची माझी जागा जगात फक्त मलाच सुचली असेल, असं मला तोवर वाटत होतं.

वेळही जुळली. साडेसातच्या सुमारास कल्याणला उतरलो की पाय आपोआप बारकडे वळायचे, आणि ही मीटिंग आठची. नव्याने शोधणाऱ्याला मी आधी हेच विचारतो, तुमची प्यायची वेळ कोणती? त्याच वेळेची मीटिंग बघा. रविवारी सकाळची मीटिंग कितीही चांगली असली, तरी सोमवारच्या संध्याकाळी ती कामाला येत नाही.

एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. मीटिंग खुली असते किंवा बंद. खुलीला कोणीही येऊन बसावं. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. बायको सोबत आली होती आणि ती मीटिंग नेमकी बंद निघाली. दीड तास ती जिन्यात पर्स मांडीवर घेऊन बसली. चूक आमचीच, विचारून जायला हवं होतं. घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन म्हणून वेगळी संघटना आहे, हे तिला नंतर कळलं. आता तिची मीटिंग ती माझ्यापेक्षा नेमाने करते.

मीटिंगला फी नाही. डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ‘ज्याला जसा उमगला तसा’; आमच्यात पक्के नास्तिकही आहेत. कोरोनात काही मीटिंगा झूमवर गेल्या आणि तिथेच राहिल्या. रात्रपाळीवाल्यांची आणि घराबाहेर पडायला संकोचणाऱ्या बायकांची त्यामुळे सोय झाली. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, भास होतात, फिट येऊन जीवही जाऊ शकतो. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत, ते मीटिंगचं काम नव्हे.

मुळात ही चळवळच शोधाशोधीतून जन्मली. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल धंद्यात तोंडघशी पडून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. नुकतीच दारू सोडलेली, आणि बाजूलाच बार. तो बारऐवजी फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतून नंबर लावत सुटला. त्याला उपदेश नको होता, बोलायला दुसरा दारुडा हवा होता. तो सापडला, एक सर्जन. त्या दोघांच्या बोलण्यातून ए.ए. सुरू झालं.

आपल्याकडे १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बहुतेकांना ऐकून माहीत असतं. उपचार घेऊन घरी परतलेल्याला आपल्या गावात आज संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं, हे मात्र माहीत नसतं. आपण ‘आज शहरात’ सदरात कीर्तन, व्याख्यान, रक्तदान शिबिर छापता. त्यातच आणखी एक ओळ द्यावी: मीटिंगची जागा, वेळ, भाषा, खुली की बंद. पावडरच्या जाहिरातीएवढीही जागा लागणार नाही.

नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे, कृपया छापू नये. वर्तमानपत्रात नाव येऊ द्यायचं नाही, ही ए.ए.ची अकरावी परंपरा आहे.

कळावे,
एक वाचक, कल्याण