रात्री शहर फिरा, पण पहाटे गाडी काढू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत रोड ट्रिपचे जे प्लॅन येतात ते मी आवडीने वाचते, कापून पण ठेवते, पण त्यातली एक गोष्ट मला कायम खटकायची आणि आता आमच्यावरच वेळ आली म्हणून लिहायला बसले. प्लॅन बहुतेक असा असतो की संध्याकाळी शहरात पोचा, रात्री खाऊगल्लीत जा, मग कुठे गाणं-बजावणं चालू असेल तिथे बसा आणि ट्रॅफिक लागायच्या आत पहाटे 5 ला पुढे निघा. मग जो गाडी चालवणार त्याने झोपायचं कधी?

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, दीर आणि जाऊ. दिवसभर ड्रायव्हिंग करून शहरात पोचलो, सामान टाकलं आणि साडेनऊला बाहेर. आणि रात्र खरंच सुंदर होती, हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाटेल मी रात्री फिरण्याच्याच विरोधात आहे. दुकानांची शटर पडली की त्याच रस्त्यावर हातगाड्या लागतात, धूर, घंटा, लोकांचे घोळके, अख्खा रस्ताच बदलून जातो. एका गाडीवर एक बाई तव्यासमोर उभी होती, एका हाताने उलथणं आणि दुसऱ्या हाताने सुट्टे पैसे, तिने आमच्याकडे बघून लगेच ओळखलं की हे बाहेरचे, म्हणाली "आधी एकच घ्या, आवडलं तर परत या, पुढे अजून खूप आहे." इतका खरा सल्ला मला कुठल्या गाईडबुकात मिळाला नाही. आम्ही मग एका प्लेटमध्ये चौघं असं करत पुढे गेलो, कारण एका जागी पोट भरलं की बाकीची गल्ली नुसती बघत चालायची.

खाताना काळजी एवढीच घेतली की समोर बनवलेलं, हात भाजेल इतकं गरम असेल तेच घ्यायचं. 5 ते 60 डिग्रीच्या मध्ये अन्न पडून राहिलं की जंतू भराभर वाढतात, शिजवलेलं अन्न असं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये म्हणतात, आणि काही जंतूंचं विष तर परत गरम करून पण जात नाही. बर्फाचं पण तसंच, गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, पाणी जसं तसा बर्फ. आमच्यापैकी कुणाचंच पोट बिघडलं नाही, त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा.

खाऊन झाल्यावर एका ठिकाणी गाणी चालू होती तिथे बसलो. दीराने दोन पेग घेतले, जाऊ गाडी चालवत नाही, मला रात्रीचं नीट दिसत नाही, म्हणजे पहाटेची गाडी नवऱ्याकडेच. त्याने दारूला हात लावला नाही आणि आम्हाला वाटलं झालं, आता काळजी नाही. रूमवर यायला दीड वाजला, झोपायला दोन, आणि 5 ला अलार्म.

सव्वासहाच्या सुमाराला मी मागे डोळे मिटून बसले होते आणि चाकांखालून एकदम खरखर आवाज आला, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर गाडी गेली होती. मी ओरडले. त्याने स्टिअरिंग सरळ केलं आणि म्हणाला, "अगं झोपलो नाही मी." त्याला खरंच वाटत होतं की तो झोपला नाही, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. डुलकी तीन-चार सेकंदांची असते, आपल्याला कळत पण नाही, पण ताशी 100 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदात 80 मीटरच्या वर, आणि तेवढा वेळ गाडी कुणीच चालवत नसतं.

परत आल्यावर मी यावर बरंच वाचलं. 1997 मध्ये 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, त्यात सलग 17 तास जागलेल्या माणसांचं कामातलं लक्ष आणि हाताचा अंदाज रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका घसरला होता. आम्ही त्या दिवशी सकाळी 6 ला उठलेलो, म्हणजे रात्री 11 ला, गल्लीत असतानाच 17 तास झाले होते, आणि दीड वाजता रूमवर परत गाडी नवऱ्यानेच चालवली! न पिता. त्यात पहाटे 2 ते 6 शरीराला झोप सगळ्यात जास्त लागते, तेव्हा काच खाली करून किंवा गाणी मोठी लावून फार फरक पडत नाही. दीराने मधे गाडी घेतो म्हटलं होतं पण ते पण बरोबर नव्हतं, शरीर साधारण तासाला एक छोटा पेग इतकीच दारू पचवतं, कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ते लवकर होत नाही, आणि दारू पिऊन लागलेली झोप पण मोडकीतोडकीच असते.

शेवटी पेट्रोल पंपावर थांबलो. नवऱ्याने कॉफी घेतली आणि लगेच सीट मागे टाकून 20 मिनिटं झोपला, कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो म्हणून आधी कॉफी मग डुलकी हेच बरं. पण ती तात्पुरती सोय, पुढे 40 किलोमीटरवर रूम घेतली आणि दुपारपर्यंत सगळेच झोपलो.

म्हणून विनंती अशी की पुरवणीतल्या प्लॅनमध्ये ज्या शहराची रात्र बघायची तिथे दोन मुक्काम लिहा, एक शहर कमी झालं तरी चालेल. रूम खाऊगल्लीपासून चालत जाता येईल अशी घ्यायला सांगा, म्हणजे रात्री गाडीला हातच लावायला नको. आणि निघायची वेळ 5 च्या ऐवजी 11 छापा, ट्रॅफिक लागला तर लागू दे.

कळावे,
आपली नियमित वाचक